घारापुरीहून शेवटची लाँच सुटल्यावर मागे काय राहतं?

गिरगावची लेक (रविवार, रात्री १०.२०)

मंडळी, आज सोलापूरहून आलेल्या नणंदेला आणि तिच्या मुलांना घेऊन घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावर, जाऊन आले. आयुष्य गिरगावात गेलं, तरी घारापुरीला मी आज तिसऱ्यांदाच गेले. पहिल्यांदा शाळेच्या सहलीत, मग लग्न झाल्यावर एकदा. घरी आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

जेट्टीवर उतरलो, छोट्या गाडीतून पायथ्यापर्यंत गेलो आणि पायऱ्या चढायला लागलो. दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली दुकानं, माळा, दगडी हत्ती, टोप्या. साधारण अर्ध्यावर एक मावशी काकडी आणि कैरी कापून विकत होत्या. शेजारी एक कळशी आणि छोटं पातेलं. काकडी पातेल्यात बुडवून धुवायची, चार फाका करायच्या, तिखटमीठ लावून द्यायची. पातेल्यातलं पाणी गढूळ झालं की ते फेकलं नाही, मागच्या एका रोपाच्या बुडाशी ओतलं आणि कळशीतून मोजकं पाणी पुन्हा घेतलं. तेवढ्यात आमच्या भाच्याने विकतच्या बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, अर्धी बाटली पायरीवर सांडली आणि रिकामी बाटली कठड्यावर ठेवली. माकडाने ती उचलली, दातांनी फोडली आणि खाली झाडीत टाकली. मावशी काही बोलल्या नाहीत. भाच्याला रागावले, पण खरी लाज मलाच वाटत होती.

मावशींना विचारलं, हे पाणी कुठून आणता? म्हणाल्या, "घरून. उन्हाळ्यात आमालाच पुरत नाय."

रात्री हिशेब मांडला. आम्ही सात जण. टॅक्सी, लाँच, लेण्यांचं तिकीट (मोठ्यांना माणशी ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना नाही), जेवण, सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेले. त्यातले त्या मावशींना १२० आणि माळा विकणाऱ्या मुलीला २०० मिळाले. बाकीचे कुठे गेले ते मला माहीत नाही. पाणी आम्ही त्यांच्या दारात सांडलं, बाटली त्यांच्या झाडीत टाकली आणि साडेपाचच्या सुमारास परत आलो.

पर्यटन वाढलं म्हणजे सगळ्यांचं भलं होतं, असं मी वर्गात मुलांना शिकवत आले आहे. भूगोलाच्या पुस्तकात तसंच आहे. इथे कोणी घारापुरीचं, उरणचं, कोळीवाड्यातलं असेल तर त्यांनी खरं काय ते सांगावं. आणि आपण मुंबईकर पाहुण्यांना घेऊन फिरतो, तेव्हा आपण काय करायला हवं?

उरणकर (रविवार, रात्री ११.०५)

ताई, धागा काढलात ते बरं केलंत. माझी आत्या घारापुरीला दिली आहे, त्यामुळे लहानपणापासून तिथे जाणं-येणं आहे. आधी एक दुरुस्ती करतो. पैसा बेटावर अजिबात राहत नाही असं नाही. पायऱ्यांवरची बहुतेक दुकानं गावातल्यांची आहेत, डोलीवाले गावातले आहेत, ग्रामपंचायत येणाऱ्याकडून थोडा कर घेते. तुम्ही जेवलात ते हॉटेल कुणाचं होतं ते विचारलंत का? पुढच्या वेळी विचारा.

पण तुमचं मूळ म्हणणं बरोबर आहे, ते दुसऱ्या बाजूने सांगतो. लेण्यांना युनेस्कोचा जागतिक वारशाचा मान १९८७ साली मिळाला. बेटावर कायमची वीज आली २०१८च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. मधल्या एकतीस वर्षांत जगभरची माणसं लेण्यातली शिवाची महेशमूर्ती बघून गेली, आणि राजबंदर, शेतबंदर, मोरबंदर या तिन्ही गावांत संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, मग अंधार. आत्या सांगते, बाळंतपण रात्री निघालं की पहिली चिंता होडीची असायची. गेटवेपासून तासाभराचं अंतर, आणि कागदोपत्री बेट उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. मुंबईच्या प्रत्येक पर्यटन पत्रकावर घारापुरीचा फोटो असतो, पण घारापुरीची वस्ती मुंबईच्या खात्यात नाही.

आणखी एक. पूर्वी तिथे भातशेती होती, मासेमारी होती. पायऱ्यांवर दुकान टाकलं की रोजचे पैसे हातात येतात, म्हणून पोरांनी दोन्ही सोडलं. आता सगळं घर एकाच गोष्टीवर उभं आहे. २०२०मध्ये लाँच बंद झाल्या तेव्हा आत्याकडे काही महिने एक रुपया आला नाही. २०२४च्या १८ डिसेंबरला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून घारापुरीला निघालेली लाँच बुडाली, माणसं गेली. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली, ती व्हायलाच हवी होती. पण कित्येक दिवस लोक घाबरून आले नाहीत. आत्या आमच्यासमोर रडली, गेलेल्या लोकांसाठी आणि घरासाठीही. शेती सोडून बसलेल्या माणसाने त्या दिवसांत करायचं काय?

गेटवेचा पोरगा (सोमवार, सकाळी ७.५०)

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझे वडील गेटवेवर फोटोग्राफर होते. रीळवाल्या कॅमेऱ्याच्या काळात फोटो काढायचे, गिऱ्हाइकाचा पत्ता वहीत लिहून घ्यायचे आणि फोटो धुऊन आले की पोस्टाने पाठवायचे. त्या वह्या अजून घरात आहेत. जळगाव, गुलबर्गा, रायपूर, कुठले कुठले पत्ते. त्यांचा अभिमान होता की एकाचेही पैसे घेऊन फोटो बुडवला नाही. पुढे छोटा प्रिंटर गळ्यात आला, दोन मिनिटांत फोटो हातात. मग सगळ्यांच्या खिशात मोबाईल आला. आता वडील घरी आहेत, मी तिथेच टुरिस्ट गाडी चालवतो.

गर्दी कमी करा, पर्यटक कमी करा, असं ज्यांचा पगार महिन्याच्या एक तारखेला होतो त्यांना म्हणता येतं. आमचा पगार गर्दीच देते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे महिना यांवर आमचं वर्ष निघतं. गेटवे १९२४ साली बांधून पूर्ण झाला, तेव्हापासून तिथे कोण ना कोण पोट भरतंय. चणेवाला, फुगेवाला, लाँचवर हाका मारणारा. पर्यटन आलं नाही तर ही माणसं कुठे जातील ते आधी सांगा, मग माकडाच्या बाटलीचं बोला.

गिरगावची लेक (सोमवार, दुपारी २.१०)

@गेटवेचा पोरगा, राग कशाला येईल. तुमच्या वडिलांच्या वहीचं वाचून डबा खाता खाता थांबले. पर्यटक कमी करा असं मी म्हटलेलं नाही, आणि ते मला पटतही नाही. आलेल्या माणसाचा रुपया तुमच्यापर्यंत, त्या मावशींपर्यंत किती पोचतो, आणि तो जाताना त्याच्या मागे काय सोडतो, एवढंच विचारतेय. तुमच्या गाडीत बसणारी माणसं दिवसभरात कुठे कुठे पैसे देतात, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त दिसत असेल. ते लिहाल का?

गेटवेचा पोरगा (सोमवार, रात्री ९.३०)

लिहितो. बुकिंग हल्ली मोबाईलवरून येतं. मधला माणूस कधी पाव हिस्सा कापतो, कधी त्याहून जास्त. आधी गिऱ्हाईक गेटवेवर उतरून आमच्याशीच घासाघीस करायचं, ठरलेले पैसे सगळे आमचे. आता पार्टी म्हणते "आम्ही पैसे भरलेत", आणि आमच्या हातात उरलेलं येतं. दिवसभर फिरवतो: हँगिंग गार्डन, धोबीघाट, राणीबाग, मरीन ड्राइव्ह. खाणं मोठ्या हॉटेलात, खरेदी मॉलमध्ये. फुटपाथवरच्या माणसाकडे पाणी आणि भेळ, बस्स.

एक मात्र सांगतो. गावाकडची कुटुंबं येतात ना, ती खाली बसून खातात, रस्त्यावर घेतात, चहावाल्याशी गप्पा मारतात. त्यांचा पैसा रस्त्यावर राहतो. पैसेवाली पार्टी आली म्हणजे आमचं जास्त भलं होतं, असं नाही.

कुलाब्याची (सोमवार, रात्री १०.००)

गर्दीचा भार रोज कोण सोसतं तेही लिहा. रविवारी माझ्या सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं तर गाडी गल्लीतून बाहेर पडत नाही. आता रेडिओ क्लबजवळ नवी जेट्टी होतेय. रहिवासी कोर्टात गेले होते, २०२५मध्ये हायकोर्टाने प्रकल्पाला दिलेली परवानगी कायम ठेवली. लाँचवाल्यांना, प्रवाशांना चांगला धक्का मिळायला हवा, हे मला मान्य आहे. गेटवेच्या पायऱ्यांवरून हेलकावणाऱ्या लाँचमध्ये पाय टाकताना म्हाताऱ्या माणसांचे किती हाल होतात ते मी रोज बघते. पण आखणी होण्याआधी आम्हाला बोलावून कुणी विचारलं असतं, तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

दर्याची लेक (मंगळवार, सकाळी ६.१५)

मी वरळी कोळीवाड्यातली. पहाटेचा बाजार करून आले, म्हणून आता लिहिते.

आमच्याकडे येणारे लोक दोन प्रकारचे. एक किल्ला बघायला येतात, दोन-चार प्रश्न विचारतात, मासळी घेतात किंवा कुणाच्या घरी सांगून जेवतात. त्यांना आम्ही हाताला धरून सगळा वाडा दाखवतो. दुसरे फोन वर धरूनच गल्लीत शिरतात. माझी सासू ओट्यावर बसून कोलंबी सोलत असते, तिच्या तोंडासमोर फोन. एकदा तिने पदर तोंडावर ओढला तर ती मुलगी म्हणाली, "आजी, पदर काढा ना, नॅचरल दिसू दे." सासू तशीच उठून आत गेली. ओटा तिचा, वास तिच्या मासळीचा, आणि उठायचं तिने!

आमच्या संस्कृतीबद्दलही सांगते. हॉटेलांतून कोळीनृत्य असतं, आमच्यातलीही मुलं जातात, मानधन मिळतं, त्यात वाईट नाही. पण नारळी पौर्णिमा आमची आहे. त्या दिवशी दर्याला नारळ देतो तो कुणाला दाखवायला नाही, दोन महिने बंद असलेल्या होड्या पुन्हा पाण्यात जातात, त्यातून माझा भाऊ जातो, म्हणून देतो. ते ज्याला कळतं त्याने खुशाल यावं, आमच्याबरोबर नाचावं.

आणि चांगलंही लिहिते. वेसावे, माहीम या कोळीवाड्यांत महोत्सव होतात, बायका स्वतः रांधून विकतात. तिथे मधला माणूस नाही. माझी नणंद वेसाव्याची. महोत्सवाच्या दोन-तीन रात्रींत तिने भरलेलं पापलेट आणि तांदळाची भाकरी विकून जाळ्यांचं कर्ज फेडलं. आमच्या बायकांना हिशेब येतो, चव येते, गिऱ्हाईक बोलता येतं. जागा द्या आणि मधे येऊ नका, एवढंच सरकारला सांगणं आहे. उलट होतं काय, किनाऱ्यावर सुशोभीकरण आलं की आधी आमची बोंबील वाळत घालायची जागा जाते, कारण पाहुण्यांना वास येतो. बोंबील वाळले नाहीत तर पावसाळ्यात आम्ही विकायचं काय?

उरणकर (मंगळवार, सकाळी ९.४०)

ताई, ओट्याचं वाचून वाईट वाटलं. आत्याच्या गावात अजून इतकं होत नाही, कारण लोक लेणी बघून पायऱ्यांवरूनच परत जातात. गावापर्यंत कोणी येत नाही.

खाडीकाठचा पक्षीवाला (मंगळवार, दुपारी १.२०)

निसर्गाच्या बाजूने थोडं. मी गेली काही वर्षं ठाणे खाडीत फ्लेमिंगो मोजायला जातो. २०१५मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. ऐरोलीहून भरती-ओहोटीची वेळ बघून बोटी सुटतात.

हे पक्षी इथे का येतात, ते समजून घेतलं पाहिजे. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या पोषकद्रव्यांवर निळंहिरवं शेवाळ वाढतं आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात पक्षी मान खाली घालून तेच गाळून खातात. खायला मिळतं ते ओहोटीच्या ठराविक तासांत. त्या वेळी बोट फार जवळ गेली की थवा उडतो. बोटीतल्यांना तोच फोटो हवा असतो, गुलाबी पंख उघडलेला. पण प्रत्येक उड्डाणात त्यांचा खाण्याचा वेळ जातो, ताकद जाते, आणि हंगाम संपताना लांबचा प्रवास करायचा असतो.

मागच्या महिन्यात आमच्या बोटीवर खाडीकाठच्याच गावातला खलाशी होता. एकाने "अजून जवळ घ्या, वरचे पैसे देतो" म्हटलं. त्याने इंजिन बंद केलं, बांबू चिखलात रोवला आणि म्हणाला, "साहेब, हे उडाले की उद्या मला बोट कशाला लागेल?" मग आम्ही पंधरा मिनिटं गप्प बसून होतो. पक्षी खात खात स्वतःच आमच्या दिशेने सरकले. एवढा सुंदर अर्धा तास मी खाडीत क्वचित अनुभवला असेल.

जिथे गावातल्या माणसाचं पोट त्या जागेवर अवलंबून असतं आणि नाही म्हणायचा अधिकारही त्याच्याकडे असतो, तिथे जागा टिकते. निव्वळ नियमांच्या पाट्यांनी टिकत नाही, हे मी संजय गांधी उद्यानातही बघतो. माकडांना खाऊ घालू नका अशी पाटी, आणि तिच्याच खाली वेफर्सची पाकिटं.

लेणीवेडा (मंगळवार, रात्री ८.४५)

उद्यानाचा विषय निघालाच आहे म्हणून त्यातल्या कान्हेरी लेण्यांबद्दल सांगतो. तिथल्या शंभराहून जास्त लेण्यांपैकी कित्येकांच्या दारात पाण्याचं टाकं कोरलेलं आहे, जुन्या लेखांत त्याला पोढी म्हटलंय. डोंगरावरचं पावसाचं पाणी छोट्या चरांतून टाक्यात आणलेलं. भिक्षूंसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दान दिलेलं. इ.स. १००९ आणि १०२१मध्ये पारशी मंडळी लेणी बघायला आली, त्यांनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावं कोरून ठेवली, ती आजही वाचता येतात. म्हणजे बघायला येणारे लोक हजार वर्षांपासून आहेत. तेव्हा पाण्याची सोय आधी होती.

@गिरगावची लेक, तुमच्या भूगोलाच्या वर्गाला कान्हेरीला न्या. एका टाक्यापाशी उभं राहून पाणी कुठून येतं ते मुलांना शोधायला लावा, अख्खा तास तिथेच जाईल.

घारापुरीबद्दलही एक. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो इंग्रजांच्या काळात विलायतेला न्यायला काढला तेव्हा तुटला. जोडलेला हत्ती आज भायखळ्याला राणीबागेच्या आवारात आहे. लेण्यातला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठवला, त्याचा पुढे पत्ताच लागला नाही. तो असता तर लेणी कुणी कोरली याचा वाद राहिला नसता.

उरणकर (मंगळवार, रात्री ९.१५)

ताई, तुम्ही विचारलं होतं आपण काय करायला हवं. माझ्यापुरतं सांगतो.

रविवारी जाऊ नका. सोमवारी लेणी बंद असतात. मंगळवार ते शुक्रवार जा, कारण त्या दिवशी दुकानं रिकामी असतात. पाणी घरून न्या आणि बाटली परत आणा. सकाळची लाँच पकडा, म्हणजे लेणी बघून शेतबंदरला पायी जाता येईल. वरच्या टेकडीवर जुन्या तोफा आहेत, पूर्वेच्या टेकडीवर विटांचा बौद्ध स्तूप आहे, तिकडे फारसं कुणी जात नाही. जेवण गावातल्या बचत गटाच्या बायकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. आयत्या वेळी सांगितलं तर त्यांना पाणी, मासळी काही जमवता येत नाही. मुक्कामाला बाहेरच्यांना परवानगी नाही, ते बरंच आहे. रात्रीचं बेट गावाचं असू द्या.

संपर्क व्यक्तिगत निरोपात पाठवतो, इथे नको.

गेटवेचा पोरगा (मंगळवार, रात्री ११.४०)

आडवारी जा, हे एकदम बरोबर. मंगळवारी-बुधवारी आम्हीही बसूनच असतो. ताई, जायचं असेल त्या दिवशी गिरगावातून मी सोडतो. ॲपवरून नको, सरळ निरोप करा.

गिरगावची लेक (पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री ९.००)

काल जाऊन आले. शाळेतल्या दोघी सहकारी सोबत होत्या, परीक्षा संपल्यामुळे रजा मिळाली. गेटवेपर्यंत @गेटवेचा पोरगा यांच्याच गाडीने गेलो (वडिलांची वही बघायला घरी बोलावलंय, नक्की जाणार). लाँचमध्ये आम्ही धरून वीस-बावीस माणसं होती.

लेण्यात यावेळी अर्धा तास महेशमूर्तीसमोर नुसत्या बसलो. वीस फुटांच्या आसपास उंचीची मूर्ती, तीन मुखं, आणि सकाळचा प्रकाश एका बाजूने आत येतो तेव्हा मधल्या मुखाचे मिटलेले डोळे हळूहळू दिसायला लागतात. रविवारी हे दिसलंच नव्हतं, पाठीमागचे लोक "पुढे व्हा" म्हणत होते.

मग शेतबंदर. ओट्यावर जेवलो. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, वालाचं बिरडं, आंब्याचं लोणचं. हात धुवायला प्रत्येकीला एक तांब्या मिळाला, त्यात सगळं भागलं. माणशी जे पैसे सांगितले ते ऐकून आम्हीच थोडे वाढवून दिले, तर त्यांनी वरचे परत केले. म्हणाल्या, "ठरलं ते ठरलं. परत या."

काकडीवाल्या मावशी पायऱ्यांवर भेटल्या. आमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक दुपारी एकपर्यंत आलेलं नव्हतं. भाच्याचा किस्सा आठवून मी माफी मागितली, तर त्यांना तो आठवतही नव्हता. "रोजच्या किती बाटल्या, कोणाची लक्षात ठेवू?" म्हणाल्या. निघताना आमच्या खांद्यावरच्या कापडी पिशव्या त्यांनी हातात घेऊन, उलटून, शिवण बघितली. त्यांच्या गटातल्या दोघींकडे मशीन आहे, आता वीज आहे, पण कापड उरणहून विकत आणायचं तर परवडत नाही. जुन्या सुती साड्या कुणी दिल्या तर त्या पिशव्या शिवून पायऱ्यांवर विकतील.

मी माझ्या आणि सासूबाईंच्या मिळून अकरा साड्या धुऊन, घडी करून ठेवल्या आहेत. गिरगाव, ठाकूरद्वार, चिराबाजार भागात कुणाकडे असतील तर मला निरोप करा, मी घरी येऊन घेऊन जाईन. नायलॉन नको, फाटकी चालेल पण धुतलेली हवी. पुढच्या बुधवारी उरणकर सकाळच्या लाँचने जाणार आहेत, गठ्ठा त्यांच्याकडे मंगळवारी रात्रीपर्यंत पोचायला हवा.

दर्याची लेक (शुक्रवार, सकाळी ६.३०)

माझ्याकडे सात आहेत. नऊवारीच्या, त्यामुळे कापड जास्त निघेल. सोमवारी बाजारावरून येताना ठाकूरद्वारला देते.